टेलिसेल्समध्ये नवीन आहे, लोक लगेच फोन ठेवतात. विकायला शिकू कसं?

स्क्रिप्ट घोकण्याआधी स्वतःच्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐका आणि पहिली दोन वाक्यं सुधारा. नवीन मुलांना मी हेच काम शिकवतो. बहुतेक जण नाव, कंपनी, ऑफर सगळं एका दमात सांगून टाकतात, समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. नाव सांगा, फोन कशासाठी केलाय ते एका वाक्यात सांगा, "दोन मिनिटं बोलू का?" विचारा आणि गप्प राहा. ती शांतता सुरुवातीला फार जड जाते, पण गिऱ्हाईक बोलतं होतं ते तिथेच. "महाग आहे" म्हणाले की लगेच सूट देऊ नका. कशाच्या तुलनेत, ते विचारा. मात्र "परत फोन करू नका" असं स्पष्ट सांगितलं, तर नंबर यादीतून काढायचाच.