ऑनलाइन मीटर बसवल्यावर तरी कारखान्यांचे प्रदूषणाचे जाहीर आकडे खरे मानावेत का?

कारखाने स्वतः जाहीर करतात ते आकडे कितपत खरे, आणि चिमणीवर ऑनलाइन मीटर असेल तर शंकेला जागा उरते का, असं तुम्ही विचारलंय. उरते, भरपूर उरते. ‘यंत्र थोडंच खोटं बोलतं’ हे ऐकून मला वीट आलाय. यंत्रापर्यंत जो वायू पोचतो तेवढाच ते मोजतं.

आधी जाहीर तक्त्यातला ऑक्सिजनचा रकाना बघा. चिमणीत बाहेरची हवा शिरली की वायू पातळ होतो आणि सल्फर डायऑक्साइडचा आकडा उतरतो. म्हणून तो ठरावीक ऑक्सिजनवर आणावा लागतो, म्हणजे वायूत तेवढाच ऑक्सिजन असता तर आकडा किती आला असता ते काढावं लागतं. कोळशाच्या बॉयलरला बहुधा ६ टक्के धरतात. समजा मीटरवर ऑक्सिजन १३.४५ टक्के आहे आणि सल्फर डायऑक्साइड घनमीटरला १५० मिलिग्रॅम. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. २०.९ वजा ६ म्हणजे १४.९, आणि २०.९ वजा १३.४५ म्हणजे ७.४५. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की २. म्हणजे तुलनेचा आकडा ३०० झाला. तक्त्यात ही दुरुस्ती केल्याचं लिहिलेलं नसेल तर तो आकडा मी धरतच नाही. दुरुस्ती करूनही एक पळवाट राहते. ऑक्सिजनचा मीटर थेट चिमणीत असेल आणि गळती सल्फर डायऑक्साइडच्या सॅम्पल लाइनच्या (चिमणीतला वायू मीटरपर्यंत आणणाऱ्या नळीच्या) सांध्यात असेल, तर पातळ होतो तो एकच वायू, आणि ऑक्सिजनच्या आकड्यात त्याचा मागमूस लागत नाही.

धुळीचे मीटर तर त्याहून नाजूक. प्रकाशावर चालणारा मीटर धूळ तोलत नाही. फिल्टरवर धूळ पकडून, वजन करून, त्यावरून प्रकाशाच्या मापाचं धुळीच्या आकड्यात रूपांतर करणारा गुणक काढलेला असतो. इंधन बदललं की कणांचा आकार बदलतो आणि जुना गुणक निकामी होतो. ओल्या स्क्रबरनंतर (पाण्याने धूर धुणाऱ्या यंत्रणेनंतर) मीटर असेल तर पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात.

वार्षिक आकडे बरेचदा मोजलेले नसतातच. अमेरिकेत भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ च्या कायद्याने विषारी उत्सर्जनाची सार्वजनिक यादी सुरू झाली, पण त्यासाठी नव्याने मोजमाप करण्याची सक्ती नाही; वाजवी अंदाज चालतो. उत्सर्जन १,००० पौंडांच्या आत असेल तर बऱ्याच रसायनांसाठी नेमक्या आकड्याऐवजी नुसता पल्ला (इतक्यापासून इतक्यापर्यंत) कळवता येतो आणि तक्त्यात त्याचा मध्य छापला जातो: ५, २५० किंवा ७५०. हेच तीन आकडे पुन्हा पुन्हा दिसले की समजा, तिथे पल्ला कळवलाय. आकडा मोजून काढला की अंदाजाने, हे सांगणारा पद्धतीचा संकेत आकड्याशेजारी असतो, तो वाचल्याशिवाय दोन कारखान्यांची तुलना करू नका.

पडताळा घरबसल्या घेता येतो. कोळसा १ लाख टन, त्यात गंधक अर्धा टक्का, म्हणजे ५०० टन गंधक. जळल्यावर सल्फर डायऑक्साइड वजनाने दुप्पट, १,००० टन. थोडं गंधक राखेत राहतं. गंधक काढायची यंत्रणा नसताना कुणी ३०० टन जाहीर केले असतील, तर बाकीचं गेलं कुठे ते विचारा. दिवसाच्या सरासरीवर समाधान मानू नका, १५ मिनिटांचे आकडे मागा. तासन्‌तास दशांशसुद्धा हलत नसेल, किंवा बॉयलर पेटवतानाचे तास गायब असतील, तर संशय घ्याच.

प्रत्येक तफावत म्हणजे लबाडी नव्हे, हेही सांगतो. मीटरच्या किमान क्षमतेखालचं उत्सर्जन सपाट रेषेसारखंच दिसतं, आणि अंदाजाने काढलेला आकडा कधी खऱ्यापेक्षा जास्तही निघतो.

पण ‘कॅलिब्रेशनचं, म्हणजे मीटर बरोबर मोजतो का ते तपासल्याचं, प्रमाणपत्र आहे ना’ हे उत्तर मला पटत नाही, कधीच पटलेलं नाही. तपासणीसाठी सिलिंडरमधला, आधीच प्रमाण माहीत असलेला वायू थेट मोजणी करणाऱ्या अ‍ॅनालायझरला जोडला असेल तर तपासला जातो तो फक्त अ‍ॅनालायझर. चिमणीतला प्रोब (वायू ओढून घेणारी नळी), तुंबलेला फिल्टर, गळकी लाइन, सगळं त्या तपासणीबाहेर राहतं. वायू प्रोबच्या तोंडाशी सोडला होता का, एवढं प्रमाणपत्रात शोधा.