लेकाने घरीच एफएम ट्रान्समीटर बनवलाय, आता पुढे काय?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग) थर्ड इयरला आहे, गच्चीवर ट्रान्समीटर लावून अख्ख्या गल्लीला गाणी ऐकवतोय, आणि रेडिओ स्टेशनं नियम पाळतात का हे बघायची सरकारी नोकरी असते म्हणे, ती याला जमेल का असं तुम्ही विचारलंय.

जमेल की, अशाच मुलांची गरज आहे तिथे. पण आधी तो ट्रान्समीटर आजच बंद करायला लावा. लायसन्स नसताना प्रसारण करणं गुन्हा आहे हे तर झालंच, शिवाय एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो ना, तिथूनच विमानांचा सुरू होतो, लँडिंगचे सिग्नल, पायलट आणि टॉवरचं बोलणं सगळं तिथेच, आणि घरी जोडलेल्या सर्किटला नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा धड फिल्टर नसतो त्यामुळे आपला सिग्नल कुठेकुठे घुसतोय हे त्यालाही कळणार नाही. बिहारमधल्या मन्सूरपूरला एका रेडिओ दुरुस्तीवाल्या तरुणाने असंच गावाचं स्टेशन चालवलं होतं, लोकांचं लाडकं होतं, तरी 2006 मध्ये लायसन्स नाही म्हणून बंद करावं लागलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं, एवढं हातात कसब असलेला पोरगा.

आता नोकरीचं. प्रायव्हेट एफएमवाले स्वतःच्या बातम्या तर देत नाहीत ना (त्यांना फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं), हे बघतं माहिती व प्रसारण मंत्रालय. फ्रिक्वेन्सीचं काम दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विंगचं, तिचीच वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे, नको तो सिग्नल कुठून येतोय हे अँटेना फिरवून शोधून काढणारी. तुमच्या मुलाची जागा इथे. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा द्यायची आणि इंडियन रेडिओ रेग्युलेटरी सर्व्हिस मागायची. प्रिलिम्स 500 मार्कांची, मेन्स 600, इंटरव्ह्यू 200. जागा थोड्या असतात, म्हणून सोबत गेट (एम.टेक. प्रवेशाची परीक्षा) ही द्यावी, बराच अभ्यास सारखाच आहे.

ट्रान्समीटर काढून घेतलात की रुसेल तो, साहजिक आहे. त्याला हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांनी एकमेकांशी बोलायच्या रेडिओची, परीक्षा द्यायला सांगा, लायसन्स डब्ल्यूपीसीच देते, मग हॅमच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर हक्काने बोलू दे जगभर. गाणी मात्र त्यावरही लावता येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवा. आणि जमलं तर लॅपटॉपला लावायचा एसडीआर डोंगल (सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेऊन द्या, त्यावर नुसतं ऐकत आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय चाललंय ते स्क्रीनवर बघत बसला तरी कॉलेजच्या लॅबपेक्षा जास्त शिकेल.