दप्तर कुणी भरायचं?

जूनमध्ये कव्हरं नवीन असतात, पेन्सिलींना टोकं असतात, भिंतीवर वेळापत्रक असतं. गणपती येईपर्यंत कोनमापक हरवलेला असतो आणि विज्ञानाच्या वहीत भूगोलाचे प्रश्न शिरलेले असतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर हाच आहे. त्यातली पाच निवडली.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. वेळापत्रक भिंतीवर लावलंय, तरी रोज एखादी वही घरीच राहते. बोलणी बसू नयेत म्हणून तो सगळ्याच वह्या भरून नेतो. मी दप्तर भरलं तर सगळं नीट जातं, त्याच्यावर सोडलं की शाळेतून तक्रार येते. काय करावं? — एक आई, सांगली

भिंतीवरचं वेळापत्रक तासांचं असतं. कोणत्या तासाला कोणता विषय हे शाळेत उपयोगाचं. दप्तर भरताना लागते ती वस्तूंची यादी. 'गणित' एवढं वाचून मुलाला गणिताचं पुस्तक आठवतं, भूमितीची वही आणि कंपासपेटी आठवत नाही. म्हणून पोस्टकार्डाएवढे सहा पुठ्ठे कापा, वाराला एक. समोरच्या बाजूला त्या दिवशीची पुस्तकं आणि वह्या, एका ओळीत एक. मागच्या बाजूला वहीखेरीज जे लागतं ते: कार्यानुभवाचं साहित्य, रंगपेटी, खेळाचे बूट. शनिवारी सकाळची शाळा आणि वेगळा गणवेश असेल तर तेही तिथेच. हे पुठ्ठे दोरीत ओवून दप्तर जिथे टांगता तिथेच अडकवा. अभ्यासाच्या भिंतीवर लावले तर ती शोभा होते.

भरण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी उद्या नको ते काढायचं, मग उद्या हवं ते घालायचं. उलट केलं की काढायचं राहून जातं आणि दप्तर दर दिवशी थोडं फुगत जातं. हे काम गृहपाठ संपल्यावर, झोपण्याआधी. सकाळी रिक्षावाल्याच्या हॉर्नवर भरलेल्या दप्तरात काहीतरी राहणारच. संध्याकाळी फार लवकर भरलं तर दुसरी गडबड होते: गृहपाठासाठी वही बाहेर येते आणि पलंगावर राहते.

पुष्कळदा वही हरवलेली नसते, तपासायला गेलेली असते. मुलगा तासभर शोधतो, मग घरात सगळेच शोधतात. वही शाळेत दिली की त्या वाराच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने 'बाईंकडे' लिहायचं, परत आली की खोडायचं.

सगळ्या वह्या नेण्याची सवय मात्र मोडा. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं; सहावी-सातवीसाठी ते २ ते ३ किलो धरलं आहे. दोनशे पानी मोठी वही साधारण पाव किलोच्या वर भरते, म्हणजे चार जादा वह्यांनी एक किलो वाढला. लिटरभर पाण्याचा आणखी एक किलो. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर अर्ध्या लिटरची बाटली द्या, आणि ज्या विषयांचं लिखाण कमी त्यांना शंभर पानी वह्या करा.

आता तुमचं काम. पहिला आठवडा तुम्ही पुठ्ठा वाचा, त्याने भरावं. दुसऱ्या आठवड्यात त्यानेच वाचावं आणि भरावं, तुम्ही फक्त बघा. तिसऱ्यात "भरलं का?" एवढंच विचारा. पुढे तेही थांबवा. मध्ये एखादी वही राहील, बोलणी बसतील. ती वही घेऊन शाळेच्या फाटकाशी धावत जाऊ नका, कारण आई आणून देते हे एकदा कळलं की पुठ्ठ्याकडे कोण बघणार? डबा राहिला तर मात्र जरूर पोचवा. उपाशीपोटी शिस्त लागत नाही.

प्रश्न : मुलगी आठवीत. गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या फोनवर येतो. मी ऑफिसातून सातला घरी पोचते. तोवर तिचं "आज काहीच नाही" चालू असतं. प्रकल्प तर नेहमी आदल्या रात्री आठवतात. — एक आई, ठाणे

ग्रुपमुळे गृहपाठ लक्षात ठेवण्याची जबाबदारी तुमच्याकडे आली आहे. ती परत तिच्याकडे गेली पाहिजे, आणि त्यासाठी शाळेची दैनंदिनी पुरेशी आहे. फक्त ती उलटी वापरायची. बहुतेक मुलं गृहपाठ मिळाला त्या तारखेच्या पानावर लिहितात, पान उलटलं की तो विसरतात. नोंद द्यायच्या तारखेच्या पानावर करायची. गुरुवारी मिळालेला भूगोलाचा स्वाध्याय सोमवारी दाखवायचा असेल तर सोमवारच्या पानावर: 'भूगोल, धडा ४, स्वाध्याय प्र. २ व ३'. आणि तो शनिवारी करणार असेल तर शनिवारच्या पानावर 'भूगोल' एवढा एकच शब्द. 'भूगोलाचा गृहपाठ' अशी मोघम नोंद चालत नाही. धडा आणि प्रश्नाचा क्रमांक हवाच, नाहीतर संध्याकाळी मैत्रिणीला फोन आणि मग अर्धा तास गप्पा.

ज्या विषयाला गृहपाठ नाही तिथे 'नाही' लिहायला सांगा. कोरी जागा दिसली की खरंच काही नव्हतं की लिहायचं राहिलं, हे तिलाही सांगता येत नाही. तुम्ही सातला आल्यावर ग्रुप आणि दैनंदिनी शेजारी ठेवून ताळा करायचा, पण सुटलेली नोंद तिनेच लिहायची. पंधरवडाभराने हा ताळा आठवड्यातून दोनदाच करा.

वरच्याच धोरणात सहावी ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तासाचा गृहपाठ सुचवला आहे. रोज त्याहून बराच जास्त वेळ जात असेल तर दोन आठवडे वेळा लिहून ठेवा आणि तो कागद घेऊनच वर्गशिक्षकांना भेटा. "फार गृहपाठ देता हो" या वाक्याने काही हलत नाही.

प्रकल्पाची आखणी शेवटाकडून करा. २० तारखेला द्यायचा असेल तर १९ मोकळी सोडायची. त्याच दिवशी प्रिंटरची शाई संपते किंवा स्टेशनरीचं दुकान बंद असतं. १७ आणि १८ ला पक्कं लिखाण. १३ ते १६ माहिती, निरीक्षणं आणि कच्चं लिखाण. १२ ला सामानाची यादी आणि एकाच फेरीत खरेदी: कार्डशीट, डिंक, छापायची चित्रं. मुलींचं आणि मुलांचंही घोडं अडतं ते मुखपृष्ठावर. सजावटीत दोन संध्याकाळी जातात आणि निरीक्षणं शेवटच्या रात्री इंटरनेटवरून उतरतात. मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी, हा नियम घरात ठेवा.

प्रश्न : मुलगा पुढच्या वर्षी दहावीत जाईल. वह्या किती आणि कशा कराव्यात? सुट्या कागदांचा तर ढीग झालाय. — एक पालक, नाशिक

राज्य मंडळाच्या दहावीत गणित भाग १ आणि भाग २ यांच्या ४०-४० गुणांच्या वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्याही तशाच दोन. त्यामुळे या चारही भागांना वेगळी वही. इतिहास आणि राज्यशास्त्र यांची प्रश्नपत्रिका एकच, तेव्हा एक वही दोन्ही टोकांकडून वापरता येते. भूगोल वेगळा. शिवाय सगळ्या विषयांची मिळून एकच कच्ची वही. त्या दोन झाल्या की कुठल्या कुठे जातात.

नव्या वहीत पहिली दोन पानं अनुक्रमणिकेला सोडायची आणि सगळ्या पानांना हाताने क्रमांक घालायचे. कंटाळवाणं काम आहे, पण फेब्रुवारीत धडा शोधताना त्याची किंमत कळते. अनुक्रमणिकेत चार रकाने: तारीख, धडा, पान, तपासलं की नाही. गैरहजर असेल त्या दिवसासाठी चार पानं कोरी सोडून वर पेन्सिलीने धड्याचं नाव. मुलं पुढचं लिखाण सलग सुरू करतात, मग राहिलेला भाग वहीच्या शेवटी किंवा सुट्या कागदावर जातो आणि तिथेच राहतो. मित्राच्या वहीचे फोटो मोबाइलमध्ये साठवणं म्हणजे लिखाण पूर्ण होणं नव्हे. दोन दिवसांत उतरवलं नाही तर ते वही जमा करायच्या आदल्या रात्रीच उतरतं.

प्रयोगवहीकडे विशेष लक्ष. विज्ञानाच्या १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोग झाला त्याच आठवड्यात आकृती, निरीक्षण, निष्कर्ष आणि सही. फक्त सहीच राहिली असेल तर ती मागायला लाजू नये, हे त्याला सांगा.

सुट्या कागदांसाठी दप्तरात बटणाचं एकच पारदर्शक फोल्डर आणि घरी एक बॉक्स फाइल. कागद हातात पडताच वरच्या कोपऱ्यात तारीख आणि विषय. फोल्डर शनिवारी दुपारी रिकामं झालंच पाहिजे; फी आणि सहलीच्या सूचना पालकांकडे, सरावपत्रिका फाइलीत, बाकीचे रद्दीत. घटक चाचणीची उत्तरपत्रिका प्रश्नपत्रिकेला स्टेपल करून ठेवा. नुसती उत्तरपत्रिका चार महिन्यांनी वाचून काही समजत नाही. तिच्या मागे गुण का गेले ते तीन ओळींत लिहावं: आलंच नाही ते, येत असून चुकलं ते, वेळ पुरला नाही ते. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. दुसऱ्या ओळीतले गुण अधिक असतील तर आणखी एक क्लास लावून फरक पडणार नाही.

प्रश्न : आमचं घर दहा बाय बाराचं, त्यात दोन मुलं. अभ्यासाचं टेबल ठेवायला जागा नाही. — एक वडील, परळ, मुंबई

टेबल नसलं तरी चालतं, ठिकाण ठरलेलं हवं. प्रत्येक मुलाला झाकणाची एक पेटी, प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची, आणि दप्तराला स्वतंत्र खुंटी. पेटीत वह्या उभ्या ठेवा, कणा वर करून. आडव्या गठ्ठ्यात खालची वही काढताना वरच्या सगळ्या सांडतात. धाकट्याच्या पेटीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. अभ्यास संपला की सगळं पेटीत, मग तिथेच जेवणाची पानं मांडली तरी बिघडत नाही. मोठ्याला शांतता हवी असेल तर जवळपासची अभ्यासिका बघा.

पावसाळ्यात खाकी कव्हर भिजून वहीला चिकटतं, तेव्हा वर प्लॅस्टिकचं कव्हर घाला. दप्तराच्या बाहेर रेनकव्हर असलं तरी पाठीकडून पाणी मुरतंच, म्हणून आत एक मोठी पिशवी आणि तिच्यात वह्या. भिजलेली वही पंख्याखाली उभी, पानं फाकवून वाळवा.

प्रश्न : नातू चौथीत आहे. पेन्सिल, रबर, डबा, स्वेटर, सगळं हरवतो. सांगितलेल्या तीन गोष्टींतली एक करतो. हा आळस आहे की काही आजार? — एक आजोबा, नागपूर

नऊ वर्षांच्या मुलाने वस्तू हरवणं नवलाचं नाही. पुढचं आठवून आधीच तयारी करणं ही क्षमता वयाबरोबर सावकाश येते, त्यामुळे 'आळस' हा शब्द तूर्त बाजूला ठेवा.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग वर्गशिक्षकांना विचारा, शाळेतही असंच दिसतं का. घरी आणि शाळेत दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ, त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त प्रमाणात दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. वाचताना अक्षरं गाळणं, फळ्यावरचं उतरवताना ओळी सुटणं हेही असेल तर तेही सांगा. जाताना शिक्षकांचं लेखी निरीक्षण आणि नातवाच्या दोन-तीन वह्या सोबत न्या. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना कायम येणारी अडचण, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते, आणि तिचं प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. हे दहावीच्या तोंडावर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

तोवर एका वेळी एकच सूचना, आणि तीही नेमकी. "पसारा आवर" ऐकून त्याला काय करायचं ते कळत नाही. "कंपासपेटी दप्तरात ठेव" म्हणा, ती ठेवून झाली की पुढचं सांगा. पेन्सिलीवर नाव लिहिण्याऐवजी तिच्या मागच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा; वर्गातल्या वीस सारख्या पेन्सिलींत ती त्याला लांबूनही ओळखू येते.