यादीत साळुंकीही लिहीत जा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. पक्ष्यांचे फोटो ग्रुपवर टाकतेस, चार अंगठे येतात, तेवढ्यात कुणाचा तरी रोहितांचा थवा येतो आणि तुझा खाटीक पक्षी वर सरकून जातो. मोठी लेन्स असल्याशिवाय या मंडळींत आपली गणती व्हायची नाही, असं तुझं मत झालंय. लेन्सचे पैसे बाबांकडे मागू नकोस, एवढं आधी सांगते. बाकीचं लिहूनच कळवते, फोनवर तू 'हो हो काकू' म्हणून मोकळी होतेस.

फोटोंच्या ग्रुपवर माणसं फोटो बघायला येतात. त्यात वावगं काही नाही. पण तिथे तुझी ओळख फोटोपुरतीच राहणार, आणि तुझ्याहून महागडा कॅमेरावाला रोज कुणीतरी निघणारच. तुला हवंय ते निराळं आहे. आपण पाहिलेल्याचा कुणाला उपयोग व्हावा, चुकलं तर कुणी सांगावं, उन्हातान्हात सोबत चालणारं कुणी असावं. हे मिळतं, पण त्याची सुरुवात जरा कंटाळवाणी आहे.

ईबर्डवर खातं उघड. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने ऑड्युबॉन सोसायटीबरोबर २००२ मध्ये सुरू केलेली ही नोंदवही आता जगभर वापरतात. फुकट आहे, पक्ष्यांची नावं मराठीतही दिसतात. निदान पंधरा मिनिटं पक्ष्यांकडे लक्ष देऊन थांब किंवा चाल, आणि दिसलेला, नुसता ऐकू आलेला, ओळखता आला तो प्रत्येक पक्षी आकड्यासह लिही. ओळखलेले सगळे लिहिलेस का, असं ॲप शेवटी विचारतं. तिथे खरेपणाने 'हो' म्हणता आलं पाहिजे, तरच ती यादी पूर्ण. म्हणजे साळुंक्या सहा, कावळे चार, पारवे अकरा, हेसुद्धा. एकही कावळा नसलेल्या याद्या मी पाहिल्या आहेत. सोलापुरात! असो.

साळुंक्या कशाला मोजायच्या, हे नीलपंखाच्या उदाहरणावरून सांगते. रस्त्याकडेच्या तारेवर बसलेला नीलपंख आपल्यापैकी सगळ्यांनी पाहिलाय, म्हणून त्याचा फोटो कुणी टाकत नाही. पण 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशभरातल्या पक्ष्यांचा अहवाल २०२३ मध्ये आला, त्यात नीलपंख चिंतेच्या यादीत आहे. तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी घेऊन ९४२ जातींचा आढावा त्यात घेतलाय. हिशेब साधारण असा असतो: अमुक भागातल्या शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत नीलपंख येतो, आणि पूर्वी किती याद्यांत यायचा. म्हणजे ज्या यादीत तो नाही, तिचीही साक्ष धरली जाते. मात्र बाकीचे सगळे पक्षी त्या यादीत लिहिलेले असतील तरच. नाहीतर तो नव्हता, की लिहिणाऱ्याला त्याचं अप्रूप नव्हतं, हे कोण सांगणार? तुझ्या दहा-वीस लाइक मिळालेल्या खाटकापेक्षा तुझी एक पूर्ण यादी या कामात मोलाची आहे, आणि ती करायला लेन्स लागत नाही. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते, तीही सुरुवातीला दोघींत एक चालेल.

जागा एकच धर. तुला हिप्परग्याचा तलाव जवळ आहे, तोच घे. दर आठवड्याला त्याच काठावरून, शक्यतो त्याच वेळी. परगावच्या सहली कर हवं तर, भिगवणला जा, पण काठ सोडू नकोस. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, पावसाळा सरता सरता मध्य आशियाकडून उतरतात आणि संध्याकाळी झाडांवर मुक्कामाला येताना आकाशात केवढ्या तरी घिरट्या घालतात, हे सोलापूरकराला मी काय सांगू. पण त्या यंदा पहिल्यांदा कधी दिसल्या, आणि उन्हाळ्यात शेवटच्या कधी, हे तारखेनिशी सांगणारं माणूस ग्रुपवर असलं की सगळे त्याचं ऐकतात. एखाद्या वर्षात तू ते माणूस होशील.

मर्लिन ॲप आवाजावरून पक्षी ओळखतं, ते जरूर वापर, पण त्याने दाखवलेलं नाव तसंच यादीत उतरवू नकोस. कोतवाल पक्षी शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, त्या आवाजाने साळुंक्यांना बिचकवून त्यांचं भक्ष्य लाटतो. तिथे ॲपही फसू शकतं. आवाज ऐकलास की पक्षी शोध, डोळ्यांनी बघ.

अडलं की ग्रुपवर विचार, पण नुसता फोटो टाकून 'आयडी प्लीज' नको. कुठे, कधी, गवतात की पाण्यात, साळुंकीपेक्षा लहान की मोठा, काय करत होता, आणि तुला स्वतःला काय वाटतं व कशावरून, एवढं लिही. असं विचारणाऱ्याला जाणती माणसं वेळ काढून उत्तर देतात, मग ती केरळात असोत की आसामात. आपल्या माळावरचे चंडोल तर भल्याभल्यांना चकवतात. एखादा 'चंडोलांपैकी कुठलातरी' म्हणून सोडून द्यावा लागला तर खुशाल दे, ईबर्डवर त्याचीही सोय आहे. आणि एखाद्या नोंदीबद्दल तिथल्या समीक्षकाने मेल पाठवून तपशील मागितला तर रुसायचं नाही. तीही आपल्यासारखीच हौशी माणसं असतात, आपला वेळ देऊन हे करतात. तपशील असला तर द्यायचा, नसला तर नोंद मागे घ्यायची.

आता एक गोष्ट मला फार वर्षांपासून खटकते. आपले पक्षीमित्र एकमेकांचे फोटो बघतात, लायफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेल्या जाती) मोजतात, कुणाच्या यादीत किती जाती यावरून अबोलेही धरतात. पण माळावर रोज मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला कुणी विचारत नाही. पखुर्ड्या (माळावर राहणारे मातकट पक्षी) सकाळी कुठल्या डबक्यावर पाण्याला उतरतात, टिटवीची अंडी कुठल्या बरड जमिनीवर आहेत, हे त्याला पाठ असतं. तलावातल्या मासेमाऱ्यांना बदकं आली-गेली आपल्याआधी कळतात. त्यांच्याशी बोल, पक्ष्याला ते काय म्हणतात ते वहीत लिहून घे. त्यांना दुर्बीण डोळ्याला लावायला दे. तुझ्या ग्रुपात ही माणसं धरलीस तर तो ग्रुप मोबाइलमधल्या कुठल्याही ग्रुपपेक्षा माहीतगार होईल.

अंडी, पिल्लं, घरटं, दिवसा ढोलीत बसलेलं घुबड दिसलं तर जागा कुठेही टाकायची नाही, 'फक्त आपल्या ग्रुपवर' सुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तिथे आठ कॅमेरे उभे राहतात आणि आईबाप पक्षी घरट्यावर येत नाहीत. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याची साद वाजवणाऱ्यांबरोबर जाऊ नकोस. कितीही मोठं नाव असलं तरी.

तुझी स्वतःची जागाही तितकीच जप. काठावर असताना लाइव्ह काही टाकू नकोस, घरी आल्यावर टाक. एकटीने जाऊ नकोस. ग्रुपवर ओळख झालेल्या कुणी 'चल, तुला अमुक पक्षी दाखवतो' म्हटलं तर आपल्या दोघी-तिघी बरोबर घेऊनच जायचं, आणि घरी सांगून. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो, कितीतरी कॉलेजं त्यात आपापल्या आवाराची गणना करतात. तुमच्या प्राध्यापकांना आत्ताच विचारून ठेव. आवारात फिरायला परवानगीचं फारसं झंझट नसतं, आणि पक्षी बघणाऱ्या आणखी दोन मुली तुझ्याच वर्गात निघतील.

या रविवारी मी हिप्परग्यावर आहे, साडेसहाला. टोपी, पाणी, जुनी वही आणि पेन घेऊन ये. लाल-पांढरे कपडे नकोत. आईला यायचं असेल तर तिलाही आण, मोजायला एक माणूस वाढेल.

तुझी,
काकू