पिक्सेल ७ए वर ग्राफीनओएस टाकायचं, पण यूपीआयचं काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: पिक्सेल ७ए वर गूगलच्या मुठीत नसलेली कोणती सिस्टीम टाकावी आणि टाकली तर यूपीआय बंद पडेल का. मी साडेतीन वर्षं ग्राफीनओएस, म्हणजे अँड्रॉइडवरच बेतलेली पण गूगलची अ‍ॅप सोबत न आणणारी सिस्टीम, वापरतोय, आणि माझा फोन तो एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिक्सेल हातात असेल तर ग्राफीनओएसच घ्या. सिस्टीम बदलायला बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा प्रोग्राम, उघडावा लागतो. ग्राफीनओएसमध्ये काम झाल्यावर तो पुन्हा लॉक होतो, आणि दर वेळी फोन सुरू होताना सिस्टीममध्ये कुणी ढवळाढवळ केलेली नाही ना, हे तपासलं जातं. लिनेजओएस ही अशीच दुसरी, अनेक कंपन्यांच्या फोनांवर चालणारी सिस्टीम; ती बनवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१६ च्या अखेरीस तिची पूर्वज सायनोजेनमॉड ही सिस्टीम गुंडाळली गेल्यावर त्यांनी कितीतरी जुने फोन जगवले! पण तिथे बहुतेक फोनांचा बूटलोडर उघडाच राहतो. फोन चोरीला गेला तर हा फरक फार महागात पडतो.

गूगल प्ले लागलंच तर तेही टाकता येतं, पण इतर अ‍ॅपसारखंच. त्याला खास अधिकार नसतात. शिवाय कुठल्याही अ‍ॅपची नेटवर्कची परवानगीच काढून घेता येते, आणि मला ही सोय सगळ्यात मोलाची वाटते. मराठी टंकनासाठी मी गूगलचाच कीबोर्ड ठेवलाय. भाषेची फाइल उतरवून घेतली आणि त्याचं इंटरनेट तोडलं.

आता बँक. काही अ‍ॅप प्ले इंटिग्रिटी या गूगलच्या तपासणी सेवेमार्फत विचारतात, की ही सिस्टीम गूगलने प्रमाणित केलेली आहे का? ग्राफीनओएस तशी नाही, त्यामुळे ती अ‍ॅप सरळ नकार देतात. माझ्या बँकेचं अ‍ॅप दीड वर्ष छान चाललं आणि एका अपडेटनंतर उघडेना. तेव्हापासून मी ब्राउझरमधून व्यवहार करतो. गूगलचं टॅप करून पैसे देणं तर चालणारच नाही, ते धरून चाला.

पण खूपदा अडचण साधी असते. डेव्हलपर ऑप्शन्स (सेटिंग्जमधला लपलेला मेन्यू, बूटलोडर उघडण्यासाठी तो चालू करावा लागतो) चालू दिसले तरी काही बँकांची अ‍ॅप अडून बसतात, म्हणून काम झालं की ते बंद करा. अ‍ॅप उघडताच कोसळत असेल तर त्या अ‍ॅपच्या माहितीत जाऊन सुसंगतता मोड चालू करून बघा. आणि यूपीआय वेगळ्या प्रोफाइलमध्ये (त्याच फोनवरच्या दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यात) ठेवणार असाल तर त्या प्रोफाइलला कॉल व एसएमएसची मुभा द्या. नोंदणीचा एसएमएस तुमच्याच सिमवरून जावा लागतो, मुभा नसेल तर पडताळणी अडकते.

बूटलोडर उघडताना आणि पुन्हा लॉक करताना, दोन्ही वेळा फोन पूर्ण पुसला जातो. फोटो आणि ओटीपी तयार करणाऱ्या अ‍ॅपमधल्या गुप्त किल्ल्या (कोड) आधी बाहेर काढून ठेवा. दुसरा-चौथा सोडून एखाद्या शनिवारी सकाळी बसा, म्हणजे नोंदणी अडलीच तर बँकेची शाखा उघडी असेल.