नाताळात लहान मुलांकडून काय करून घ्यावं? (सांता रंगवणं सोडून)

तुम्ही विचारलंय: घरात सहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा, नाताळ तोंडावर आलाय, सांताची चित्रं छापून रंगवून झाली, आता मुलं खरंच काही शिकतील असं काय करता येईल?

मी बरीच वर्षं बालवर्गाला शिकवते. सुरुवातीला डिसेंबर आला की मीही कापसाच्या दाढीचे सांता ‘करून घ्यायचे’. म्हणजे कापायचं मी, जागेवर लावायचं मी, मुलांनी शेवटी कापूस दाबायचा. सगळे सांता एकाच चेहऱ्याचे आणि पालक खूश. एकदा घरी जाताना एका मुलीनं विचारलं, “ताई, यातला माझा कुठला?” मलाही सांगता येईना, मागचं नाव बघावं लागलं. तेव्हापासून तो प्रकार बंद केला. मुलानं हात लावायच्या आधीच शेवट ठरलेला असेल, तर ते काम मोठ्यांचं, मुलाचं नाही.

नाताळात लहान मुलांपुढचा खरा प्रश्न एकच असतो: “अजून किती दिवस?” १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विचर्न या धर्मोपदेशकानं गरीब मुलांच्या आश्रमात यावर एक युक्ती केली. गाडीच्या जुन्या चाकावर २० लहान आणि ४ मोठ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक लहान पेटवायची आणि रविवारी मोठी. आज आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, चार मेणबत्त्यांचं जे हिरवं चक्र दिसतं, त्याचं मूळ या चाकात आहे.

घरी मेणबत्त्यांऐवजी कागदाची साखळी करा. २४ पट्ट्या मुलांनीच कापायच्या, वाकड्या झाल्या तरी चालतील. १० लाल, १० हिरव्या आणि ४ पांढऱ्या. एकीत एक अडकवून कड्या करायच्या, पांढऱ्या एका टोकाला. १ डिसेंबरपासून रोज संध्याकाळी पांढऱ्या टोकाकडून एक कडी तोडायची आणि बरणीत टाकायची. उशीर झाला असेल तर उरलेल्या दिवसांएवढ्या कड्या करा.

रंगांची ही विभागणी मी मुद्दाम सांगतेय. मराठीत आपण ‘चोवीस’ म्हणताना आधी चार म्हणतो आणि मग वीस. त्यामुळे मुलं ऐकलं तसं आधी ४ लिहितात, पुढे २, की झाले बेचाळीस. यात मुलांचं काही चुकत नाही, भाषेचीच ती गंमत आहे. पण भिंतीवर दोन दहा आणि वर सुटे चार रोज डोळ्यांसमोर लटकले, की ‘एकवीस’ म्हणजे काय हे पाठ करावं लागत नाही. ४ तारखेला पांढऱ्या कड्या संपतात आणि उरतात दोन पूर्ण दहा. १२ तारखेला रात्री साखळीत १२ आणि बरणीत १२. ही गोष्ट तुम्ही आधी सांगू नका. माझ्या वर्गातल्या एकानं बरणी उपडी करून तीन वेळा मोजलं होतं, कारण त्याला वाटलं मी काहीतरी लबाडी केलीय.

धाकट्याला एवढं मोजता येणार नाही, आणि यायची गरजही नाही. त्याच्यासाठी साखळी आखूड होत चालली आहे, एवढंच पुरे. काल खुर्चीला टेकत होती, आज टेकत नाही.

दुसरं, बर्फाची फुलं. कागदाचा गोल दुमडून कापायचा हा प्रकार सगळ्यांना माहीत असतो, पण बहुतेक जण अर्धा, पाव, अर्धा पाव असं दुमडतात आणि फूल आठ पाकळ्यांचं होतं. खरा हिमस्फटिक षट्कोनी असतो, कारण गोठताना पाण्याचे रेणू सहा बाजूंच्या जाळीत बसतात. ही सहाचीच आकृती का, हे कोडं केप्लर या खगोलशास्त्रज्ञानं १६११ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत मांडलं होतं. पुढे अमेरिकेत व्हर्मॉन्टमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्यानं १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एकेका स्फटिकाचा फोटो काढला आणि आयुष्यभरात पाच हजारांवर फोटो जमवले. ते फोटो मुलांना आधी दाखवा आणि टोकं मोजू द्या. मग गोल अर्धा दुमडा आणि अर्ध्याचे तीन सारखे भाग करा. ही तिहेरी घडी मोठ्यांनी घालायची, त्या वयात ती जमत नाही. कात्री मुलांच्या हातात.

खरा खेळ घडी उलगडायच्या आधी आहे. “इथे त्रिकोण कापलास, उघडल्यावर किती भोकं दिसतील?” कोणी एक म्हणतं, कोणी शंभर. उघडून बघायचं. एक मुलगा मन लावून घडीच्या कडेनं सरळ कापत गेला, अगदी टोकापर्यंत. उघडलं तर सगळे तुकडे सुटे. रडवेला झाला होता. पण दुसऱ्या दिवशी तोच शेजारच्याला सांगत होता, “ही बाजू सगळी कापायची नाही, ती धरून ठेवते.” सममितीचा याहून चांगला धडा मला देता आला नसता.

पाइनचं सुकं फळ, सजावटीला वापरतात तो खवल्यांचा शंकू, रंग किंवा चमकी न लावलेला मिळाला तर सोडू नका. पाण्यात बुडवून ठेवा, थोड्या वेळानं खवले मिटायला लागतात. बाहेर काढून वाळू दिला की पुन्हा उघडतात. खवल्याचा बाहेरचा थर पाण्यानं आतल्यापेक्षा जास्त फुगतो, म्हणून तो आत वाकतो. कोरड्या हवेत बिया दूर उडाव्यात, ओल्यात झाडापाशीच पडू नयेत, यासाठी झाडाची ही सोय. आधीचं आणि नंतरचं चित्र मुलांना काढू द्या. चार वर्षांच्या मुलाचं चित्र म्हणजे एक काळा गोळा आणि एक मोठा काळा गोळा असेल. निरीक्षण बरोबरच आहे.

येशूच्या जन्माची गोष्ट सांगणार असाल तर गव्हाणीचा देखावा घरीच मातीचा करा आणि मुलांना पात्रं हलवू द्या, काचेआड ठेवू नका. असा देखावा १२२३ मध्ये संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेचो गावी खऱ्या बैल-गाढवासह उभा केला होता. गंमत म्हणजे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, पण बैल-गाढवाचा उल्लेख नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी, म्हणजे पूर्वेकडून बाळाला बघायला आलेले ज्ञानी लोक आहेत, पण ते तीन होते असं कुठे लिहिलेलं नाही, भेटी मात्र तीन आहेत. म्हणून मुलानं चौथा मागी केला तर केला. तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी प्रवासात रात्र झाली आणि कुठे जागा मिळेना, ही गोष्ट मुलांना बरोबर कळते.

शुभेच्छापत्रात चित्रापेक्षा मजकुराकडे लक्ष द्या. एक खरा माणूस निवडा, मुलाला बोलू द्या आणि तो बोलेल तसंच शब्दाला शब्द उतरवून घ्या. एका मुलीनं आजीला लिहायला सांगितलं होतं: “तुझा गुडघा बरा झाला का. माझा दात पडला पण तो हरवला.” यात ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’ घुसडायचा मोह आवरा. आपलं बोलणं कागदावर राहतं आणि दुसरा कोणी ते वाचू शकतो, हे मुलाला पहिल्यांदा इथे कळतं. सहा वर्षांच्या मुलीला शेवटची ओळ स्वतः लिहू द्या, ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका.

खेळणी दान करायला लावण्याबद्दल मी जरा साशंक आहे. मुलं मोडकंच पुढे करतात आणि आपण रागावतो. करायचंच तर त्यांनी स्वतः निवडलेली एकच चांगली वस्तू द्या. नाही म्हणाली तर यंदा राहू दे.

हे सगळं एका आठवड्यात कोंबू नका. साखळी रोज, बाकीचं वाटलं तर.

आणि एक, दोन मुलं आहेत म्हणून सांगते: कडी पाळीपाळीनं तोडतील, पण शेवटच्या कडीवरून भांडण होणार हे धरून चाला. पहिल्या दिवशी जो तोडेल, चोविसावी त्याची नसते. असं का, हे थोरलीला साखळीवरच शोधू द्या. मात्र ते पहिली कडी तोडायच्या आधी, नाहीतर २४ तारखेची संध्याकाळ तुमची कठीण आहे.