नोकरी बदलायची आहे, मग एफएसएत किती टाकावेत?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, पगार १,६०,००० डॉलर. पत्नी नोकरी करत नाही. २०२६ साठी कंपनीच्या हेल्थ एफएसएत (कर कापण्याआधीच्या पगारातून औषधोपचारासाठी पैसे बाजूला ठेवण्याचं खातं) कमाल ३,४०० डॉलर टाकता येतात. पूर्ण टाकू का? मुलीच्या ब्रेसेसना जानेवारीत १,५०० आणि फेब्रुवारीपासून दरमहा १२५ डॉलर लागतील. दोघांचे चष्मे मिळून ६०० डॉलर. उन्हाळ्यात आई भारतातून येणार आहे. डिसेंबरात पुण्याला गेल्यावर मला दाताचा क्राउन बसवायचा आहे. मेअखेर नोकरी बदलण्याचाही विचार आहे.

उत्तर: ३,४०० नको, २,६०० टाका. नोकरी बदलायची म्हणून एफएसए नकोच, असं बरेच जण समजतात. तुमच्या बाबतीत उलट आहे.

या खात्यात वर्षाची ठरलेली पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, पगारातून तेवढी कापली गेली नसली तरी. दोन आठवड्यांनी पगार होत असेल तर २,६०० म्हणजे दर पगारातून १०० डॉलर. मेअखेरपर्यंत साधारण ११ पगार, म्हणजे १,१०० कापले जातील. तोवर ब्रेसेसचे १,५००, फेब्रुवारी ते मेचे ५०० आणि चष्म्यांचे ६०० असे २,६०० तुम्ही वसूल केलेले असतील. उरलेले १,५०० कंपनीला शेवटच्या पगारातून कापता येत नाहीत. नियमच तसा आहे, त्यात संकोच कसला?

पण हीच गोष्ट उलटीही फिरते. मेमध्ये नोकरी सोडली आणि खर्च डिसेंबरात असला, तर कापलेले पैसे बुडाले. म्हणून क्राउन या हिशेबात धरलेला नाही. पुण्यात केलेल्या दातांच्या उपचाराचा खर्च एरवी चालतो. डॉक्टरांच्या बिलावर रुग्णाचं नाव, तारीख, कोणता उपचार आणि रक्कम हवी, रुपयांचे डॉलर करून दाखवावे लागतात. विमानाचं तिकीट मात्र त्यात घुसवू नका, सुट्टीसाठीचा प्रवास हा उपचाराचा खर्च नव्हे. नव्या कंपनीत एफएसए मिळाली तर क्राउन तिथे लावा. जुन्या कंपनीशी तिचा मालकीचा संबंध नसेल तर तिथली मर्यादा वेगळी मोजतात.

आईसाठी यातला एक डॉलरही वापरता येणार नाही. भारतात राहणारी, व्हिजिटर व्हिसावर आलेली आई करासाठी तुमच्यावर अवलंबून धरली जात नाही. तिच्या व्हिजिटर इन्शुरन्सचा हप्ताही नाही. विम्याचा हप्ता एफएसएतून कुणाचाच भरता येत नाही.

फायदा किती? वरचा फेडरल करदर २२ टक्के आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के धरले तर २,६०० वर सुमारे ७७० डॉलर. न्यू जर्सी राज्याच्या करात मात्र ही सूट नाही, त्यामुळे डब्ल्यू-२ वर (पगार आणि कापलेल्या कराचा वार्षिक दाखला) राज्याचा पगाराचा आकडा फेडरलपेक्षा मोठा दिसला तर दचकू नका.

गोंधळ होतो तो ब्रेसेसच्या दाव्यात. एरवी खर्चाची तारीख म्हणजे उपचाराची तारीख, पैसे भरल्याची नव्हे. दात सरळ करण्याच्या उपचारात आगाऊ भरलेली रक्कमही मिळू शकते. पण काही योजना ती एकदम देतात, काही करारातल्या हप्त्यांप्रमाणे. त्यामुळे निवड पक्की करण्याआधी खातं सांभाळणाऱ्या कंपनीला विचारा आणि ऑर्थोडॉन्टिस्टकडून एकूण खर्च, सुरुवातीची रक्कम, मासिक हप्ता आणि उपचार सुरू झाल्याची तारीख असलेला करार घ्या. दातांचा विमा असेल तर त्याने दिलेला वाटा वजा करूनच दावा करायचा. कार्डाची पावती पुरत नाही, दावे परत येतात ते बहुधा त्यामुळेच. चष्मे १ जानेवारीनंतरच घ्या. डिसेंबरातली खरेदी २०२६ च्या खात्यात बसत नाही.

एकदा रक्कम ठरली की लग्न, बाळंतपण असं काही घडल्याशिवाय वर्षभर बदलत नाही. २०२६ मधून ६८० डॉलरपर्यंत पुढे नेण्याची सोय कंपनी देऊ शकते, पण ती ऐच्छिक आहे आणि वर्ष संपायच्या आत सोडून गेलात तर तुमच्या कामाची नाही. नव्या नोकरीत एचएसए (ठरावीक आरोग्य विम्यासोबतचं करसवलतीचं बचत खातं) घ्यायची असेल तर तिथे साधी एफएसए घेऊ नका; दात-डोळ्यांपुरती मर्यादित एफएसए चालते.

राजीनामा देण्याआधी दोन तारखा एचआरकडून लेखी घ्या: एफएसएचं संरक्षण शेवटच्या दिवशी संपतं की महिनाअखेर, आणि त्यानंतर जुने दावे किती दिवस पाठवता येतात.